दाराचं टेबल

कन्नमवार नगरमधली आमची बिल्डिंग रिकामी झाली
तेव्हा आधी खिडक्या गेल्या, मग ग्रिल, मग दारं.
भंगारवाल्याने ती कंपाउंडला टेकवून ठेवली होती,
ओळीने अठ्ठेचाळीस, सगळी सोसायटीच्या हिरव्या रंगाची.
मी म्हटलं, यातलं एक माझं आहे.
तो म्हणाला, ताई, आता सगळी माझीच.
सोळाशे. कडी-कोयंडा वेगळा.

स्वतःच्याच दारात उभं राहून घासाघीस केली.
चौदाशेला सुटलं.
पायांसाठी पाण्याच्या लाइनीचे चार तुकडे घेतले, गंजलेले,
ते त्याने काट्यावर दिले.

टेम्पोत आडवं पडलं तेव्हा कळलं
दार केवढं मोठं असतं.
उभं असताना आपण नुसते त्यातून जातो.

इरफान मिस्त्री रंधा मारायला तयार नव्हता,
आत खिळे आहेत म्हणाला, पातं जाईल.
मग टागोर नगरच्या भाड्याच्या जिन्याखाली
मीच बसले पॉलिशपेपर घेऊन,
आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस.
आतली बाजू वर घ्यायची ठरवली होती,
ती जरा सपाट असते.

पहिल्याच दिवशी हात थांबला.
आमच्या दाराला आतून एकच कडी होती.
याला चार कड्यांच्या खुणा.
एक कमरेशी, एक छातीशी, एक डोक्याशी,
आणि एक अगदी वर, चौकटीला लागून,
स्टुलावर चढल्याशिवाय जिथे हात जाणार नाही.

मी उठले. दार भिंतीला उभं केलं,
बाहेरच्या बाजूला गेले
आणि बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलं.
आवाज लगेच ओळखला.

वरच्या मजल्यावरच्या उसपकरबाईंचं दार.

एकोणीस वर्षं त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्यावर ठिबकलं.
एकोणीस वर्षं मी वर जाऊन हे दार बडवलं.
भिंगात अंधार यायचा, म्हणजे कोणीतरी बघतंय.
दार उघडायचं नाही.
मी खाली येऊन पातेलं लावायची
आणि नवऱ्याला सांगायची, माणसं नाहीत ती.

रात्री वर पावलं वाजायची, मोरीपासून दारापर्यंत,
दारापासून मोरीपर्यंत. आणि नळ.
मला वाटायचं, नळ कोणी बंद करत नाहीये.
कोणीतरी तो सारखा उघडतंय
असं कधी मनात आलं नाही.
त्यांचा नंदन शाळेनंतर आम्हाला दिसला नव्हता.
दुबईला आहे, असं कोणीतरी म्हणालं होतं.
आम्ही ते घेतलं होतं, बाजारात सुटे पैसे घेतात तसं,
न मोजता.

नवरा म्हणाला, परत दे, आपलं शोध.
मी गेले नाही. गेले असते तरी
तोवर सगळी ओशिवऱ्याला पोचली होती.

आता त्यावर आम्ही जेवतो.
एक पाय अर्धा इंच तोकडा निघाला,
त्याखाली जुन्या स्लिपरचा तुकडा आहे.
कड्यांच्या भोकांत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरलं,
वरची चार भोकं मात्र तशीच ठेवली,
का ते नवऱ्याने विचारलं, मला सांगता आलं नाही.
भिंगाचं भोकही आहे. नात त्यातून पेन्सिली खाली सोडते.

उसपकरबाई बदलापूरला गेल्यात.
नंबर सोसायटीच्या यादीत आहे,
यादी फ्रिजवर आहे.
फोन करून काय म्हणायचं?
तुमचं दार माझ्याकडे आहे?

काल वाटाणे सोलत होते.
एक घरंगळत भिंगाच्या भोकातून खाली गेला.
शोधायला टेबलाखाली वाकले.
तिथे बाहेरची बाजू आहे, हिरवी, हात न लावलेली,
आणि भिंगाच्या जरा खाली
तळहाताएवढ्या जागी रंग उडालेला,
बरोबर माझ्या उंचीला.